नऊ गेले, नऊ आले

१२ ऑगस्ट २०२४
गडदे वस्ती, ता. जत

अर्जुनादादा,

थोरल्या भावाला पत्र लिहिताना वर नमस्कार लिहायचा असतो. ती ओळ मी मोकळी सोडली आहे. लिहावीशी वाटेल त्या दिवशी लिहीन.

फोन तू उचलत नाहीस. सतरा वेळा केला. म्हणून हे रजिस्टर पोस्टाने पाठवतो, म्हणजे घेतल्याची सही तरी करावी लागेल. सही करायला तू कधी मागेपुढे पाहत नाहीस.

धुळा गेला. रविवारी, ४ ऑगस्टला, सकाळी साडेसातच्या सुमारास जाळं ओढताना दोराचा फास त्याच्या पायात बसला आणि तो दोराबरोबर पाण्यात गेला. मी त्याच्यापासून सहा-सात हातांवर होतो. पावसाळ्याची मासेमारीबंदी उठून तीनच दिवस झाले होते, समुद्र अजून खवळलेला होता. अकरापर्यंत आम्ही तिथल्या तिथे फिरत राहिलो. त्याची टोपी सापडली.

मंगळवारी बोट तुझ्या बंदराला लागली. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, त्याने जेटीवर सांगितलं की गावाकडचा एक गडी उतरून पळून गेला. मी बुधवारी वस्तीवर आलो आणि गुरुवारी धुळाच्या आईला, तानुमावशीला, घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी बंदरावर फोन लावला. उत्तर आलं की बोटीवर नऊ गेले, नऊ आले. धुळा नावाचा खलाशी यादीत नाहीच.

हवालदार म्हणाले, "बाई, तुमचा पोरगा बोटीवर चडलाच न्हाई, तर बुडंल कसा? जावा घरी. यील चार दिसांत."

मावशी म्हणाली, "आवं साहेब, समुद्राला काय यादी वाचाया येती व्हय?"



दादा, आता तुझ्याबद्दल लिहितो. शुक्रवारी, २ ऑगस्टला, साडेदहा वाजता तू मत्स्य खात्याचा साहेब म्हणून बोटीच्या तपासणीला आलास. तांडेलाने नऊ कार्डं रबर लावून तुझ्या हातात दिली. तू कार्डं मोजलीस. कार्डावरचा फोटो आणि समोरचं तोंड जुळतं का, ते पाहिलं नाहीस. पण माणसं तू पाहिलीस. रांगेत शेवटी धुळा होता. तो हसून म्हणाला, "साहेब, राम राम. वळखलं का?" तू म्हणालास, "कार्ड जवळ ठेवायचं, पिशवीत नाही." आणि रजिस्टरला लिहिलंस: खलाशांची तपासणी केली, बरोबर आढळले.

मला भांडण करायचं नाही. मला एक ओळ पाहिजे. 'धुळा कोंडिबा लवटे यास २ ऑगस्ट रोजी बोटीवर मी स्वतः पाहिले.' खाली तुझी सही आणि शिक्का. मावशी सरकारकडे पैसा मागत नाही. तिला एवढंच ठरवायचं आहे की दहावं घालायचं की वाट बघायची. आज नववा दिवस आहे आणि तिला ते ठरवता येत नाही, कारण कागदावर तिचा मुलगा कुठे गेलाच नाही.

पंधरा दिवसांत उत्तर दे.

धनाजी

२७ ऑगस्ट २०२४
मुक्काम कुंडल, ता. पलूस

अर्जुनादादा,

पंधरा दिवस झाले. पोचपावती परत आली, तिच्यावर तुझी सही आहे. तुझा लांब शेपटीचा 'अ' मी कुठेही ओळखीन. उत्तर नाही.

इथे मी जयराजकडे आलो आहे. तू त्याला ओळखत नाहीस. मागच्या हंगामात तो आमच्या बोटीवर होता, आता इथे द्राक्षबागेत कामाला आहे. तुझ्या यादीत धुळाच्या जागी जयराजचं नाव आहे. ते कसं आलं ते तांडेलाला विचार. खलाशांचे कागद त्याच्या ताब्यात असतात.

जयराज औषधाचा पंप पाठीवर घेऊनच बांधावर आला.

मी म्हटलं, "कागदावर तू दोन तारखेला समुद्रात गेलास आणि सहा तारखेला परत आलास."

"आयला, मी तर ह्या म्हैन्यात पलूसच्या फुडं गेलो न्हाई," तो म्हणाला. "मासं तरी घावलं का मला?"

"जयराज, धुळा गेला."

मग त्याने पंप उतरवून खाली ठेवला.  मी म्हटलं, ठाण्यात चल आणि सांग की त्या दिवशी बोटीवर मी नव्हतो. तो म्हणाला, "कार्ड माजं हाय. मी न्हवतो म्हनलं तर कार्ड दिलंस कशाला म्हनून मलाच धरतील गड्या." पुढे तो आणखी बरंच बोलला. ते इथे लिहीत नाही.

त्याच्या आईने जेवायला वाढलं. मला गेलं नाही.

दादा, मला तुला कार्डाबद्दलच विचारायचं आहे. धुळाने खलाशी कार्डासाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा तुझ्या ऑफिसातून तो त्रुटी म्हणून परत आला. पहिल्यांदा किनाऱ्यावरचा रहिवास नाही. दुसऱ्यांदा मच्छीमार संस्थेचा दाखला नाही. तिसऱ्यांदा मासेमारीचा पूर्वानुभव नाही. तिन्ही कागद माझ्यापुढे आहेत आणि तिन्हींखाली तूच आहेस. मासेमारी केल्याचा दाखला दिल्याशिवाय कार्ड नाही आणि कार्ड असल्याशिवाय बोटीवर पाय ठेवायचा नाही. मग माणसाने पहिला पाय कुठे ठेवायचा? हा नियम तू केला नाहीस, हे मला कळतं. पण माझं कार्ड कसं झालं? तुझ्या सरकारी खोलीचा पत्ता लावून झालं. संस्थेचा दाखला तुझ्या एका फोनवर आला. त्या दिवशी तू एवढंच म्हणालास, "मी तुझा भाऊ आहे हे बंदरात कुणाला कळता कामा नये." मी कुणाला कळू दिलं नाही. दोन हंगाम तुला 'साहेब' म्हणालो.

भावाला पत्ता मिळाला. धुळाला त्रुटी मिळाली.

आणि धुळा कोण होता? तू सांगलीच्या वसतिगृहात राहून परीक्षा देत होतास, अण्णांना दम्याने चालवत नव्हतं, मी लहान होतो. चार वर्षं आपली मेंढरं धुळाच्या कळपात होती. त्यांच्या पाठीवर त्याची हिरवी खूण होती. घाट उतरून कोकणात त्यानेच नेली, त्यानेच परत आणली. चार वर्षांत आपली एक शेळीसुद्धा कमी झाली नाही. पाचव्या वर्षी तू साहेब झालास, तेव्हा सगळ्या वस्तीला गुळाचा चहा त्यानेच पाजला. 'आमचा अर्जुना' म्हणत होता.

एक ओळ, दादा.

धनाजी

११ सप्टेंबर २०२४
कोरेगाव बसस्थानक

अर्जुनादादा,

हे पत्र गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे, अक्षर हललं असेल.

तू गौरीसाठी सासुरवाडीला येणार हे मला ठाऊक होतं. सकाळी साडेनऊला दारात आलो. तुझ्या चपला बाहेर होत्या, ऑफिसला घालतोस त्याच, डाव्या अंगठ्याला शिवलेल्या. दार मयूरीवहिनींनी उघडलं.

"भाऊजी, आज गौरी जेवणार आहेत," त्या म्हणाल्या. "घरात पाहुणे आहेत. आज नको ना."

"दादा आहे?"

"ते बाहेर गेलेत."

"वहिनी, चपला इथं हायत."

त्यांनी चपलांकडे पाहिलं. वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, त्यांना ते जमलं नाही. त्या आत गेल्या. आतून तुझा आवाज आला, हळू, रागातला. भांडं पडलं. मग वहिनी ताटात पुरणपोळी, कटाची आमटी घेऊन आल्या. दुसऱ्या हातात घडी केलेला कागद होता.

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि हे त्यांनी दिलंय. भाऊजी, खरं सांगू का, तीन आठवडे झाले, ते झोपत नाहीत. तुमचं पत्र पाकिटात ठेवलंय त्यांनी. फाडतही नाहीत."

"फाडू द्या की वहिनी. माज्याकडं नक्कल हाय."

ताट मी उंबऱ्यावर ठेवलं. अन्नाला पाय लागू नये म्हणून बाजूला सरकवून ठेवलं आणि निघालो. कागद स्टँडवर येऊन उघडला.

एकच ओळ लिहिली आहेस. 'यादी कुणाच्या अक्षरातली आहे?'

बरं. माझी विट्याची गाडी सव्वा बाराची आहे.

तू मोठा अधिकारी आहेस. प्रश्नाला प्रश्न करायची तुम्हाला सवय असते. धुळाला तू पाहिलंस की नाही, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर यात नाही. आणि अक्षर कुणाचंही असो, तपासणारे डोळे तुझे होते. पगार त्याच डोळ्यांचा मिळतो तुला.

गाडी लागली.

धनाजी

१९ सप्टेंबर २०२४
गडदे वस्ती, ता. जत

अर्जुनादादा,

यादी माझ्या अक्षरातली आहे.

तू ते पहिल्याच दिवशी ओळखलं असशील. मला लिहायला तूच शिकवलंस. माझी शाळा नववीत सुटली, तरी बोटीवर शुद्ध लिहिणारा मीच होतो. तांडेल म्हणायचा, "ह्यो आमचा क्लार्क." समुद्रात जायच्या टोकनचा फॉर्म, डिझेलचा फॉर्म, खलाशांची यादी, सगळं मी लिहायचो. मला त्याचा अभिमान होता. एक वेलांटी चुकू दिली नाही.

आता सगळं क्रमाने लिहितो. यातलं काही मी आधीच्या पत्रांत लपवलं आणि काही खोटं लिहिलं.

धुळाला बोटीवर मी नेलं. यंदा मेंढरं निम्मी राहिली, टँकरच्या पाण्यावर ती जगत नाहीत. तो म्हणाला, मलाबी ने. तिसरा अर्ज परत आल्यावर मी कुंडलला गेलो आणि जयराजचं कार्ड मागून आणलं. जयराज म्हणाला, "घिऊन जा, मला आता काय करायचंय त्याचं." त्याचं कार्ड किनाऱ्यावरच्या मामाच्या पत्त्यावर निघालेलं आहे. तांडेलाला मी सांगितलं, माणूस धुळा, कार्ड जयराजचं. तो म्हणाला, नऊ माणसं, नऊ कार्डं, बास झालं. मग आठव्या ओळीला मी जयराजचं नाव लिहिलं आणि धुळाला सांगितलं, कुणी विचारलं तर तू जयराज.

दादा, लिहिताना मला हे खोटं वाटलंच नाही. ते का, ते फक्त तुलाच कळेल. ज्याची मेंढरं थोडी असतात तो ती दुसऱ्याच्या कळपात घालतो. वाटेत तंटा नको म्हणून त्यांच्या पाठीवर त्या कळपाचा रंग मारतात. घरी न्यायच्या दिवशी मालक जातो, ही आमची म्हणतो, रंग धुऊन घेऊन येतो. आपल्यात त्याला कुणी चोरी म्हणत नाही. आपली मेंढरं चार वर्षं अशीच जगली. मला वाटलं, एक हंगाम धुळा जयराजच्या खुणेखाली जाईल, पुढच्या वर्षी स्वतःच्या नावावर. तो तर हसत होता. म्हणाला, "तुमची मेंढरं मी माज्या रंगात नेली, आता तू मला दुसऱ्याच्या रंगात ने. फिटलं." मेंढराला वाटेत काही झालं तर ते खरं कुणाचं हे सांगायला दोन्ही मालक असतात, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

याच्यापेक्षा वाईट पुढे आहे.

धुळा पाण्यात गेला तेव्हा तांडेल धावत केबिनमध्ये गेला. वायरलेसचा माईक त्याने हातात घेतला होता. तटरक्षक दलाला कळवलं असतं तर त्यांची बोट आली असती. मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "तांडेल, त्याचं नाव यादीत न्हाई."

मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी बोललो. धुळा पाण्यात होता आणि माझ्या डोक्यात आठवी ओळ होती. नाव विचारतील, मग काय सांगायचं, एवढंच. तांडेलाने माझ्याकडे पाहिलं आणि माईक परत अडकवला. म्हणाला, "आपणच शोधू." अकरापर्यंत आपणच शोधलं.

बंदराला लागल्यावर परतीची नोंदही मी लिहिली. बोटीचा मालक शेजारी उभा होता. म्हणाला, "यादी कुणी लिहिली? तू. आत कोण जाईल? तू." मी लिहिलं: गेलेले खलाशी नऊ, आलेले खलाशी नऊ. अक्षर स्पष्ट आहे. एकही खाडाखोड नाही.

धुळा बोटीवर नव्हता हे सरकारला मी सांगितलं आणि मग तुला महिनाभर शिव्या दिल्या.

काल हे सगळं मी तानुमावशीला सांगितलं. वस्तीवर घरोघर पितृपंधरवड्याचे म्हाळ चालू आहेत. ती कुणाकडे जेवायला जात नाही. लोक काय काय बोलतात. कुणी म्हणतं त्याने कर्नाटकात बाई ठेवली, कुणी म्हणतं बोटीवरचं काहीतरी उचलून पळाला. ती अंगणात लोकर निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं, माईकचंसुद्धा. तिने हातातली लोकर खाली ठेवली. शेवटी म्हणाली,

"खूण मारायच्या आदी मालकाला इचारत्यात. तू मला इचारलंस का रं, धनाजी?"

"न्हाई, मावशी."

"अर्जुनानं वळखलं हुतं का त्याला?"

"व्हय."

"आनि तरी बी गप ऱ्हायला?"

"व्हय."

ती पुन्हा लोकर निवडायला लागली. मी तिथेच उभा. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. अर्ध्या तासाने म्हणाली, "मग आता हुबा का? ज्यांच्या कळपात घातलास तितं जाऊन सांग, ही आमची म्हनून. मी येते संगं. मालक मी हाय."

पुढच्या शुक्रवारी आम्ही निघतो. जयराजला फोन केला. आधी त्याने मला आईवरून शिवी दिली, मग म्हणाला, "कितीची गाडी हाय?"

तुला हे आधी कळवतो, कारण मी जे सांगणार आहे त्यात तू येणार आहेस. माझी चूक सांगितली म्हणून तुझी माफ होत नाही. तू त्या दिवशी एवढं जरी म्हणाला असतास, "हा जयराज नाही, याला खाली उतरवा," तर धुळा जेटीवर बसून आपल्या दोघांना शिव्या देत राहिला असता. तू तसं म्हणाला नाहीस, कारण मग यादी कुणी लिहिली ते निघालं असतं आणि माझा पत्ता कुणी लावला तेही निघालं असतं. मला वाचवायला गप्प बसलास असं आता म्हणू नकोस. मी ते ऐकणार नाही.

धनाजी

२८ सप्टेंबर २०२४
तुझं बंदर

अर्जुनादादा,

जबाब दिला. त्याची नक्कल सोबत जोडली आहे, पाच पानं. तू वाचशील म्हणून नीट लावली आहे.

आधी इथल्या पोलीस ठाण्यात जबाब घ्यायलाच तयार नव्हते. हवालदार म्हणाले, नोंदीत नऊ परत आलेत, तक्रार कशाची? जयराज पुढे झाला. "साहेब, त्यातला एक मी. बगा, माजं कार्ड. आनि ह्यो बागेतल्या हजेरीच्या मस्टरचा फोटू, त्या दिवशी मी कुंडलात औषध मारत हुतो. मी हितं आलो न्हाई, मग आलेलं नऊ कुटनं?" हवालदार कार्डाकडे बघतात, जयराजकडे बघतात. मग त्यांनी खुर्ची ओढली.

जयराजने कार्ड टेबलावर ठेवून दिलं. त्याच्यावर गुन्हा होईल. माझ्यावर होणारच आहे.

मी सगळं सांगितलं. माईकचं सांगताना हवालदारांनी लिहायचं थांबवून विचारलं, "हे सांगायलाच पाहिजे का? हे कुणी ऐकलेलं नाही." मी म्हटलं, तांडेलाने ऐकलं.

मग त्यांनी विचारलं, "तपासणीला अधिकारी कोण होते?"

"अर्जुना म्हाळाप्पा गडदे."

त्यांचं पेन थांबलं. पानाच्या वर माझं नाव होतं, ते त्यांनी वाचलं. "धनाजी म्हाळाप्पा गडदे. कोण लागतात तुमचे?"

दोन हंगाम या बंदरात मी हे उत्तर दिलेलं नव्हतं.

"सख्खा भाऊ," मी म्हटलं.

"मग विचार करून सांगा. एकदा सही झाली की खोडता येत नाही."

"खोडायचं न्हाई. आनि साहेब, वडलांचं नाव पुरं लिवा."

त्यांनी पुरं लिहिलं.

शेवटी जबाब वाचून दाखवला. तानुमावशी बाकावर बसली होती, पदर डोक्यावर घट्ट. 'सदर नौकेवरून नऊ इसम गेले, पैकी आठ परत आले, धुळा कोंडिबा लवटे हा परत आला नाही' इथपर्यंत आल्यावर तिने हात वर केला.

"तेवडंच परत वाचा," ती म्हणाली.

हवालदारांनी परत वाचलं.

"धुळा बोटीवर हुता, असं लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय, आजी. पण चौकशी व्हायची आहे अजून. अधिकाऱ्यांनी नाकारलं तर..."

"त्यो न्हाई नाकारनार," मावशी म्हणाली. "त्याची मेंढरं माज्या लेकानं राखल्यात."

दादा, ती हे तुझ्यावर विश्वास ठेवून म्हणाली की तुला शाप म्हणून, ते मला कळलं नाही. तिच्या आवाजावरून कळण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर ती समुद्राकडे बघायला थांबली नाही. थेट स्टँडकडे चालायला लागली. म्हणाली, "चला बिगीबिगी. लय दिस ऱ्हायलंय. आता दहावं घालायचं."

दहावं सोमवारी वस्तीवर आहे. वस्तीत कुणाचं दहावं असलं की बोलावणं घरोघर द्यावं लागतं, म्हणून तुला दिलं. वरची नमस्काराची ओळ मी अजून मोकळीच ठेवली आहे.

धनाजी म्हाळाप्पा गडदे